एबकाकाच्या शिव्यांचं उद्यापन

“खेचराला शिवी द्यायची आहे,” मी म्हटलं, “पण ती कुणाला लागता कामा नये. खेचरालासुद्धा.”

शेवंताबाईनं दुधाची चरवी ओट्यावर टेकवली आणि माझ्याकडे निरखून पाहिलं. माझ्या हातात रांगोळीची वाटी होती. चातुर्मासातली रोजची तेहतीस गोपद्मं अंगणात काढायची होती, त्यातली अकरा झाली होती.

“कुनाचं खेचर, बाई?”

“अमेरिकेतलं. शंभर वर्षांपूर्वीचं. नदीच्या पात्रात मधोमध फतकल मारून बसलंय. पाठीवर पिठाचं पोतं आहे आणि वरून पाणी चढतंय.”

“आन् मालक काय म्हनतोय?”

“मालक म्हणतोय, टार्नेशन.”

“म्हंजी?”

“तेच तर मला कळत नाही.”

शेवंताबाईनं पदर खोचला. गवळीवाड्यात तिच्या चार म्हशी होत्या. त्यांतल्या चंद्री नावाच्या म्हशीशी तिचं रोज सकाळी भांडण व्हायचं, ते आमच्या मागच्या दारापर्यंत ऐकू यायचं.

“माझी चंद्री अशी बसली का म्या म्हनते, ‘ऊठ गं उलट्या खुराचे! का बुडाखाली पिंपळ उगवायची वाट बघतीस?’”

मी वाटी खाली ठेवली. “अहो,” मी आत हाक मारली, “लवकर बाहेर या. पेन घेऊन या.”

ही सदुसष्ट सालची गोष्ट, सांगलीतली. मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. आषाढी एकादशीच्या सकाळी मी देवापुढे नेम केला. कांदा-लसूण-वांगी तर आमच्या घरात चार महिने बंदच असायची. त्यावर दरवर्षी मी आणखी एक काही सोडत असे. एका वर्षी साखर सोडली होती, एका वर्षी गादी. त्या वर्षी शब्द सोडला. उलटून बोलायचं नाही, तोडून बोलायचं नाही, कुणाला लागेल असं तोंडातून किंवा लेखणीतून काढायचं नाही. कारण घडलं होतं. आमचे हे एकदा म्हणाले होते, “तू आवाज कधी चढवत नाहीस हे खरंय. पण विळीसुद्धा कापताना आवाज करत नाही.” ते मला लागलं होतं. लागलं म्हणजे खरंच असणार.

नेम केला सकाळी, आणि त्याच दुपारी मी उपासाची खिचडी खात असताना प्रकाशक विनायकराव चिंचळकर पुस्तक घेऊन दारात उभे. अमेरिकेतलं मुलांचं पुस्तक. टोबी नावाचा अनाथ मुलगा आणि एब नावाचा म्हातारा, दोघं खेचर घेऊन सोनं शोधायला पश्चिमेकडे निघतात, अशी गोष्ट.

“बाई, मुलांना धाडस हवंय,” विनायकराव म्हणाले. “परी-राक्षसाला आता मुलं विचारत नाहीत. दिवाळीनंतर छापायचं. कराल ना भाषांतर?”

मी पुस्तक चाळलं, आवडलं, हो म्हटलं. म्हातारा कसा बोलतो ते पाहिलं नाही, ही माझी चूक.

एबकाका दर पानावर शिव्या देत होता. खेचराला देई, चाळणीला देई, नदीला, पावसाला, जळलेल्या घेवड्याला, पलीकडच्या काठावरच्या दाढीवाल्या कोल नावाच्या चोराला. टार्नेशन, कन्सार्न, डॅगनॅब. हे नगर वाचनालयात गेले आणि तिथला सर्वांत जाड शब्दकोश उघडून तासभर बसले. परत येऊन म्हणाले, “एकही नाही. या माणसाची एकही शिवी कोशात नाही.”

“मग त्या शिव्या आहेत हे तरी कशावरून?”

“खेचर उठतं ना त्यानंतर!”

माझी अडचण तुम्हाला कळली असेल. शिवीचं भाषांतर करायला शिवी लिहावी लागते, आणि माझी लेखणी चार महिने बांधलेली. म्हणून आमची अशी व्यवस्था ठरली: सकाळी शेवंताबाई दूध घालायला आली की मी तिला प्रसंग सांगायचा, तिनं बोलायचं, आणि ह्यांनी लिहून घ्यायचं. मी त्या वेळी तुळशीकडे तोंड करून वाती वळत बसायची. वाती रोज एकशे आठ व्हायच्या. एबकाका फार चिडला असेल त्या दिवशी दीडशे.

“म्हणजे पाप माझ्या माथी,” हे म्हणाले.

“तुम्ही फक्त लिहून घेताय. लिहून घेणं वेगळं.”

“हो. ते वेगळंच,” असं म्हणून ह्यांनी शाईची बाटली भरली.

हे मोजणी खात्यात होते. अक्षर मोत्यासारखं आणि स्वभाव त्याहून गोल. वीस वर्षांत कचेरीत कुणाला ‘अरे’ म्हणाले नव्हते. श्रावणातल्या एका संध्याकाळी घरी आले ते छाती पुढे काढून.

“आज शिपायानं नकाशा उलटा लावला. मी त्याला म्हटलं, ‘बिनबुडाच्या तांब्या!’”

“अगंबाई! मग?”

“त्यानं सुलटा लावला.” हे पाय धुवायला गेले. न्हाणीतून गुणगुणणं ऐकू आलं.

शेवंताबाईला गोष्टीची चटक लागली. दुधाचं माप पुढे करण्याआधीच ती विचारायची, “काय, उठलं का न्हाई तुमचं खेचर?” कोलनं टोबीची सोन्याच्या कणांची पिशवी पळवली, त्या दिवशी तिनं चरवी आपटली.

“मुडद्या! न्हाई न्हाई, ते नका लिवू सायेब. ते आमच्यात हाय, तुमच्या पुस्तकात नको. लिवा, ‘तुझ्या दाढीत कोंबडी खुडूक बसो! अंडी उबवताना तुला शिंक येवो!’”

ह्यांना हसू आवरेना, अक्षर वाकडं झालं. मी वाती वळताना ओठ दाबून धरले. नेमात हसू वर्ज्य नव्हतं, पण आपण उगीच संशयाला जागा देऊ नये.

एकदा मी तिला विचारलं, “शेवंताबाई, इतकं बोलता, पण आईबहिणीवरून एकही नाही. देवाचं नावही नाही.”

तिनं गळ्यातली तुळशीची माळ दोन बोटांनी उचलून दाखवली. “सासऱ्यानं घातली तवा बजावलं, आईवरनं आन् देवावरनं तोंड उचलायचं न्हाई. मान डोलावली. पन म्हशी काय माळ बघून पाय हलवत्यात व्हय, बाई? मग काय, आपलं आपून काढायचं नवं-नवं.”

भाद्रपदात निम्मं पुस्तक झालं. विनायकरावांनी निरोप धाडला: संपादक म्हणून आप्पासाहेब निगुडकर नेमले आहेत, छापखान्यात येऊन भेटावं.

आप्पासाहेब म्हणजे निवृत्त हेडमास्तर. शाळांच्या वाचनालयांसाठी पुस्तकं निवडणाऱ्या कुठल्याशा समितीवर ते होते. त्यांची मान हलली की पुस्तक यादीत जाई. विनायकराव त्यांच्यासमोर बसताना खुर्चीच्या फक्त कडेवर बसत.

“या, द्वारकाबाई,” आप्पासाहेब म्हणाले. “भाषांतर चांगलं आहे. थोडी साफसफाई केली आहे.”

त्यांनी माझी पानं पुढे सरकवली. तांबड्या शाईत पानं न्हाली होती. आप्पासाहेबांनी चष्मा चढवला आणि शाळेच्या प्रार्थनेच्या सुरात वाचायला सुरुवात केली.

“‘हे खेचरा, तू मार्गक्रमण का करीत नाहीस? आलस्य हा प्राणिमात्राचा शत्रू आहे, हे तुला ठाऊक नाही काय?’” ते थांबले. “कसं वाटतं?”

विनायकराव म्हणाले, “वा!”

“आणि हा तो चोरीचा प्रसंग. ‘अरे कोला, तुझे हे वर्तन सर्वथैव निंद्य होय.’ मूळचं ते कोंबडीचं काय होतं... ते मी वाचतसुद्धा नाही. संस्कारक्षम वयात मुलांच्या कानावर दाढी आणि कोंबडी एकत्र पडता कामा नये.”

माझ्या जिभेवर पाच वाक्यं येऊन उभी राहिली. पाचही हळू आवाजातली होती आणि पाचही कापणारी. मी ती गिळली.

“बरं,” मी म्हटलं.

“पाहिलंत, विनायकराव? शिक्षिका आहेत. त्यांना लगेच पटतं.”

नेम केलाय हे सांगून मोकळं व्हावं, असं वाटलं. पण नेम बोलून दाखवला की त्याचं पुण्य सरतं, असं माझी आई सांगायची. म्हणून तोंड मिटून राहिले. आप्पासाहेबांना ती संमती वाटली. त्यानंतर दर पंधरवड्याला मी पानं देत गेले, ते धूत गेले आणि मी ‘बरं’ म्हणत गेले. एबकाका हळूहळू सुधारला. त्यानं शिट्टी वाजवणं सोडलं. तंबाखू सोडली. आश्विनात तर तो नदीत चाळणी धरून ‘उद्योगाचे घरी ऋद्धिसिद्धी पाणी भरी’ म्हणू लागला.

“टोबी पळून का जात नाही आता?” ह्यांनी ती पानं वाचून विचारलं. “मी असतो तर दुसऱ्याच मुक्कामाला पळालो असतो.”

“अहो, नका ना.”

“मी जाऊन बोलू का आप्पासाहेबांशी? मला काही नेम नाही.”

“माझ्या वतीनं बोललात तर ते माझंच बोलणं.”

“आणि शिव्या लिहून घेतल्या ते?”

“ते वेगळं, असं आपलं ठरलंय.”

मी शेवटचं प्रकरण दिलं तेव्हा मात्र मला राहवेना. मी ते दोनदा लिहून काढलं होतं, लिहिताना दोनदा थांबले होते. आप्पासाहेबांनी ते उलगडलंसुद्धा नाही, बाजूला ठेवलं.

“हे प्रकरण काढू या. सोनं मिळालं, गोष्ट संपली. पुढे तो म्हातारा आईची आठवण वगैरे काढत बसतो, ते ओझरतं पाहिलं मी मूळ पुस्तकात. पानं वाढतात. कार्तिक द्वादशीला दुपारी पहिला फर्मा मशिनवर चढायचाय. सगळी प्रत मी त्या दिवशी विनायकरावांच्या हाती देतो.”

मी कशीबशी म्हणाले, “ते प्रकरण एकदा वाचाल का?”

“वाचायला काय, वाचीन सवडीनं. पण काढायचं ते काढायचंच.”

कार्तिक द्वादशी. त्याच दिवशी माझा नेम सुटणार होता. सकाळी मी बोलायला मोकळी, आणि दुपारी पुस्तक हातातून जाणार. मधे एक जेवण तेवढं होतं.

मी म्हटलं, “आप्पासाहेब, द्वादशीला आमच्याकडे चातुर्मासाचं उद्यापन आहे. ब्राह्मण म्हणून तुम्ही याल का? विनायकरावांनाही बोलावते. प्रत तिथेच देता येईल.”

आप्पासाहेब खुलले. “येईन की. काय सोडलं होतंत यंदा? नाही, सांगू नका. पण नियम ठाऊक आहे ना? जे वर्ज्य केलं तेच दान द्यायचं. तूप सोडलं तर तूप, साखर सोडली तर साखर. आमच्या एका विद्यार्थ्याच्या आईनं गादी सोडली होती. तिनं गादीऐवजी चटई द्यायला काढली. मी स्पष्ट सांगितलं, यात पळवाट नाही.” ते माझ्याकडे वाकले. “आणि घेणाऱ्यालाही पळवाट नाही बरं का. एकदा स्वस्ति म्हटलं की दान परतवता येत नाही. शास्त्र दोन्ही बाजूंनी बांधतं.”

“बरं,” मी म्हटलं. चार महिन्यांतलं हे पहिलं ‘बरं’ मी मनापासून म्हटलं असेल.

द्वादशीला पुरण शिजलं, आवळे-चिंचा ठेवून तुळस सजवली. आप्पासाहेब कद नेसून आले. काखेतल्या पिशवीत पुस्तकाची प्रत, तांबड्या सुतळीनं बांधलेली. विनायकराव मागोमाग. शेवंताबाईला मी मुद्दाम दुधाच्या निमित्तानं थांबवून घेतलं होतं. ती मागच्या दाराच्या उंबऱ्याशी बसली होती.

जेवण झालं. आप्पासाहेब पाटावर सावरून बसले. मी पितळी ताट पुढे आणलं. ताटात नारळ, सुपारी, विडा, आणि नव्या उपरण्याखाली झाकलेली एक वस्तू. आप्पासाहेबांनी उपरण्याच्या उंचीकडे अंदाजानं पाहिलं. तुपाची चरवी म्हणावी तर बसकी, साखर म्हणावी तर चौकोनी.

मी पळीनं उदक सोडलं. “चार महिने जे सोडलं ते आपल्याला देते.”

“स्वस्ति,” आप्पासाहेब म्हणाले आणि उपरणं उचललं.

खाली कागदांचा गठ्ठा होता. न धुतलेलं अख्खं पुस्तक, ह्यांनी मोत्यासारख्या अक्षरात पुन्हा उतरवलेलं. आप्पासाहेबांनी सवयीनं चष्मा चढवला, मधलंच एक पान उघडलं आणि सवयीनंच मोठ्यानं वाचलं, “‘तुझ्या दाढीत कोंबडी खुडूक बसो! अंडी उबवताना तुला...’”

ते थांबले. विनायकरावांना ठसका लागला. उंबऱ्यावरून आवाज आला, “शिंक येवो.”

“हे काय आहे, द्वारकाबाई?”

“मी शब्द सोडला होता, आप्पासाहेब. उलट बोलायचं नाही, तोडून बोलायचं नाही. जे सोडलं तेच द्यायचं. तुम्हीच म्हणालात, पळवाट नाही.”

“म्हणजे या शिव्या तुम्ही मला...”

“त्या एबकाकाच्या आहेत. माझं जे आहे ते एवढंच.” माझा आवाज नेहमीसारखाच होता, हे मात्र भिंतीकडे बघू लागले, कारण त्यांना विळीचा आवाज ओळखू येतो. “तुम्ही हे पुस्तक वाचलंच नाहीत. तुम्ही ते नुसतं दुरुस्त केलंत. तुमचा एबकाका एखादं खेचर उठवून दाखवू दे, मी माझी पानं चुलीत घालते. आणि गठ्ठ्यात सर्वांत खाली शेवटचं प्रकरण आहे. सवडीनं वाचीन म्हणालात. आता सवड आहे.”

आप्पासाहेबांच्या कानाच्या पाळ्या तांबड्या झाल्या. दान पुढ्यात होतं, स्वस्ति म्हणून झालं होतं, आणि प्रकाशक समोर बसला होता. त्यांनी खालची पानं काढली. वाचायचं म्हणजे मोठ्यानंच, ही चाळीस वर्षांची खोड.

त्यात एवढंच होतं. सोनं मिळालंय. शेकोटीपाशी टोबी विचारतो, एबकाका, छावणीतले बाकी लोक सरळ शिव्या देतात, तुझ्याच कशा अशा चमत्कारिक? म्हातारा बराच वेळ घेवडा ढवळत बसतो. मग सांगतो: घर सोडलं तेव्हा आई दारात उभी होती. तिनं हातावर हात ठेवायला लावून वचन घेतलं, देवाचं नाव शिवीत घालणार नाहीस, कुणाच्या आईचं घालणार नाहीस. तिकडे परतलोच नाही. ती गेली त्याचं पत्र दीड वर्षानं मिळालं. ‘आता सांग पोरा, असली नदी, असलं खेचर आणि असलं वचन! मग मला नवे शब्द घडवावेच लागले. एकेक घडवला की वाटायचं, आजचाही दिवस पाळला.’

आप्पासाहेबांचा प्रार्थनेचा सूर मधेच कुठेतरी सुटला होता. शेवटची ओळ त्यांनी नुसती वाचली, साध्या आवाजात. चष्मा काढून त्यांनी कदाच्या सोग्याला पुसला.

“म्हणजे हा...” ते म्हणाले, “हा नेमच होता म्हणायचा.”

“रोजचा,” मी म्हटलं.

उंबऱ्यावर शेवंताबाईनं गळ्यातली माळ दोन बोटांत धरून ठेवली होती.

विनायकरावांनी घड्याळ पाहिलं. “आप्पासाहेब, छापखान्यात माणसं खोळंबलीत. ती सुतळीची प्रत देता ना?”

आप्पासाहेबांनी पिशवीकडे पाहिलं, मग ताटाकडे. घसा खाकरला.

“दान नाकारता येत नाही, विनायकराव,” ते गंभीरपणे म्हणाले. “शास्त्र आहे. हाच गठ्ठा न्या.”

पुस्तक पौषात निघालं. मुखपृष्ठावर खेचर पाण्यात बसलेलं. पहिल्याच महिन्यात आमच्या शाळेतल्या मुली एकमेकींना ‘किडक्या हरभऱ्या’ आणि ‘फुटक्या घागरीच्या सरदारा’ म्हणू लागल्या. आईवरून कुणी काही म्हणेना. पुस्तक यादीत गेलं. माझं नाव आतल्या पानावर, खाली, बारीक टाइपात होतं. त्याआधी आप्पासाहेबांची चार पानांची प्रस्तावना. ह्यांनी ती संध्याकाळी मला वाचून दाखवली.

“‘बालवाङ्मयात बोलीचा जिवंतपणा असावा, असा प्रस्तुत संपादकाचा प्रथमपासून आग्रह होता. म्हाताऱ्याच्या तोंडची रसरशीत भाषा हे त्याच आग्रहाचे, चार महिन्यांच्या परिश्रमांचे फळ होय.’” ह्यांनी पुस्तक आपटलं. “बिनबुडाचा तांब्या! अगं, आता तरी बोल काहीतरी! आता कुठे नेम आहे?”

“दिलेल्या दानावर आपला हक्क राहत नाही,” मी म्हटलं. मला फार वाईट वाटलं होतं. वात वळताना दोनदा तुटली.

दुसऱ्या दिवशी शेवंताबाईला तिची प्रत दिली आणि प्रस्तावनेचंही सांगितलं. तिनं पुस्तक पदराला पुसलं, मुखपृष्ठावरच्या खेचराच्या कपाळावर अंगठा टेकवला.

“घेऊ द्या वो त्यास्नी, बाई. चंद्री म्हनती का कधी, दूध माझं हाय?” मग चरवी उचलून म्हणाली, “पन एक सांगते. त्येंच्या दाढीत कोंबडी बसायची न्हाई. दाढी कुठं हाय त्येंना?”

पुढच्या आषाढीला मी गूळ सोडला. द्वादशीला आप्पासाहेबांनाच बोलावलं, तेही आनंदानं आले. जेवण झालं, मी ताट पुढे केलं, उदक सोडलं. आप्पासाहेब स्वस्ति म्हणायला तोंड उघडून थांबले. त्यांनी उपरण्याचा एक कोपरा दोन बोटांनी हळूच उचलला, आत डोकावून पाहिलं, ढेपेला बोट लावून चाखलं, आणि मग म्हणाले, “स्वस्ति.”